जुन्या पिकअपला भंगारातला टर्बो बसवू का?

प्रश्न : दादा, नमस्कार. माझ्याकडे महिंद्राची २००४ सालची पिकअप आहे. डीआय इंजिन, २५२३ सीसी, टर्बो नसलेली. पावणेचार लाख किलोमीटर झाले. आंबिया आणि मृगाच्या हंगामात स्वतःचा संत्रा बाजारात नेतो, बाकी वर्षभर परतवाड्याहून चिखलदऱ्याला सिमेंट, लोखंड, किराणा असं भाडं मारतो. घाटात भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर येते आणि मागे काळ्या धुराचा लोट. एप्रिल-मेमध्ये तर पाहवत नाही. नागपूरला भंगारात दोन टर्बो पाहून आलो. एक याच इंजिनाच्या टर्बोवाल्या मॉडेलचा, साडेसहा हजारांचा. दुसरा मोठ्या ट्रकचा, चार हजारांचा. आमचे मिस्त्री म्हणतात, मोठाच घ्या, हवा जास्त तर ताकद जास्त, आणि सोबत पंपही वाढवून घेऊ. काय करू? आणि डिझेल किती वाचेल?
*एक संत्रा बागायतदार, अचलपूर तालुका*

उत्तर : भाऊ, ट्रकचा टर्बो घेऊ नका. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून होईपर्यंत तुमचे मिस्त्री नागपूरच्या गाडीत बसलेले असायचे. छोट्या टर्बोबद्दल बोलू. पण त्याआधी तुमच्या पत्रात जे नाही ते विचारतो. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) शेवटचे केव्हा उघडले होते? इंजिन चांगलं तापल्यावर, स्लोवर, म्हणजे एक्सलेटर न देता, तेलाचा दाब किती राहतो? आणि चालू इंजिनावर तेल टाकायची झाकणी काढली तर आतून फुसफुस वाफ येते का?

अमरावतीत माझं पंप-नोझलचं दुकान आहे, यंदा एकतीस वर्षं होतील. ओट्यावर येणारा माणूस बहुतेक एकच वाक्य घेऊन येतो, "भाऊ, गाडी ओढत नाही, पंप थोडा वाढवून द्या न जी." पंप वाढवणं म्हणजे डिझेल पंपाचं सील तोडून, जास्त डिझेल जावं म्हणून एक स्क्रू फिरवणं. थोड्या वेळाचं काम, पैसे लगेच हातात, म्हणून गावोगावी ते सर्रास चालतं. पण काळा धूर म्हणजे काय, हे त्या माणसाला कोणी सांगितलेलं नसतं. काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेलं डिझेल. डिझेल भरपूर आहे, ते जाळायला हवा पुरत नाही. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि धूर न काढता जाळायचं तर अठरा-वीस किलो. अशा इंजिनाचा पंप वाढवला की ताकद जराशी वाढते, धूर दुप्पट होतो आणि उरलेली सगळी उष्णता पिस्टनच्या माथ्यावर बसते.

एप्रिल-मेमध्ये धूर का वाढतो, तेही यातच आलं. डिसेंबरात सकाळी पंधरा अंशांना जी हवा असते ती मे महिन्यात दुपारी पंचेचाळीस अंशांवर नऊ-दहा टक्के विरळ होते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटरवर आहे, परतवाड्याच्या तुलनेत तिथला हवेचा दाब आठ-नऊ टक्क्यांनी कमी. वर जरा गार असतं, त्याने थोडी भरपाई होते, पण घाटाच्या मधोमध, दुपारी दोन वाजता, भरल्या गाडीला ती भरपाई मिळत नाही. तुमच्या साध्या पंपाला यातलं काहीच कळत नाही. तो डिसेंबरात जेवढं डिझेल देतो तेवढंच मेमध्येही देतो. त्यामुळे तुमची तक्रार खरी आहे, आणि टर्बोचा विचारही मुळात चुकीचा नाही. हवा कमी पडते आणि टर्बो हवाच आणतो.

पण पावणेचार लाख चाललेल्या गाडीचा धूर नुसत्या हवेमुळे आहे असं मी न बघता म्हणणार नाही. नोझल थेंब गाळत असेल, पंपाचं टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) मागे गेलं असेल, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) बसले असतील, सायलेन्सर आतून काजळीने भरला असेल, मागचा ब्रेक घासत असेल, तर टर्बो बसवून काय होणार? तीन वर्षांपूर्वी मोर्शीकडचे एक जण असाच टर्बो पिशवीत घेऊन आले होते. चारही नोझल काढून टेस्टरवर लावले, तर दोन फवारा मारायच्या ऐवजी धार सोडत होते. नोझल बदलले, टायमिंग लावलं, एअर फिल्टर नवा टाकला. गाडी घाटात तिसऱ्यावर राहायला लागली. टर्बो पिशवीतच परत गेला. तुम्हीही हेच आधी करा. हा खर्च टर्बो बसवला तरी करायचाच आहे, वाया जाणार नाही.

दुसरी पायरी म्हणजे इंजिनाची तब्येत. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते, मोजून घ्या. झाकणीतून जोराची वाफ येत असेल, म्हणजे ज्याला आपण बॅक कॉम्प्रेशन म्हणतो ते असेल, तर आधी बोअर-पिस्टनचं काम, नाहीतर टर्बोचा विषय बंद. कारण पुढे तेलापाशी आल्यावर सांगतो.

आता टर्बो. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम गॅसवर एक पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने इंजिनात हवा दाबून भरायची, एवढीच ती कल्पना. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. कल्पना सोपी, पण वेग भयंकर. घरातला मिक्सर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे मारतो, हा दांडा लाखाच्या वर जातो. आणि त्याला बॉल बेअरिंग नसतं. या जातीच्या टर्बोत दांडा नुसत्या तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल गेलं की टर्बो गेलाच समजा.

मिस्त्रींचं "मोठा टर्बो, जास्त हवा" हे म्हणणं ट्रकच्या इंजिनाला खरं आहे. तुमचं इंजिन २,८०० फेऱ्यांवर मिनिटाला जेमतेम तीन हजार लिटर हवा ओढतं. तेवढ्या धुरावर मोठ्या ट्रकचा पंखा वेगच घेणार नाही. घाटात तुम्ही पंधराशे-अठराशे फेऱ्यांवर असता, तिथे तो सायलेन्सरमधला अडथळा होऊन बसेल, आणि हवा द्यायला लागेल तेव्हा तुम्ही सपाटीवर टॉप गिअरला असाल, जिथे तुम्हाला ती नकोच आहे. या २५२३ सीसी इंजिनाचा बोअर साडेतीन इंच आणि स्ट्रोक चार इंच, ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन. लांब स्ट्रोकचं, खालच्या फेऱ्यांवर ओढणारं. त्याला लवकर जागा होणारा छोटा टर्बोच शोभतो. साडेसहा हजारांचा तो छोटा टर्बो म्हणूनच तुमच्या कामाचा, तोही तपासून.

तपासायला जाताना आपल्या मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या नळ्यांचं) जुनं पॅकिंग सोबत न्या आणि तिथल्या टर्बोवाल्या मॅनिफोल्डवर ठेवून बघा. भोकं जुळली तर तो मॅनिफोल्ड टर्बोसकट उचला. आपल्या जुन्या मॅनिफोल्डवर पट्टी वेल्ड करून टर्बो लटकवतात, ते करू नका. बीड गरम-थंड होऊन वेल्डपाशी तडकते, घाटात नेमकी. मग टर्बोची हवेची बाजू बघा. पंख्याची पाती टोकाला झिजलेली, वाकलेली किंवा खरवडलेली असतील तर परत ठेवा. फिल्टर नीट नसलेल्या गाडीत आपल्या काळ्या मातीची धूळ ही पाती वाळूच्या कागदासारखी घासते. दांडा बोटांत धरून आत-बाहेर ओढा. त्या दिशेने प्ले, म्हणजे ढिलेपणा, हाताला जाणवताच कामा नये. वर-खाली किंचित हलला तर चालतं, कारण तेल नसताना तो तसा हलतोच, पण हलवताना पातं घराला टेकता कामा नये. गरम बाजूच्या घरात वेस्टगेटच्या (जादा धूर पंख्याला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) भोकाभोवती तडे बघा. वेस्टगेटच्या डबीला गेज लावून हवा द्या, दांडी सरकली पाहिजे आणि दाब टिकला पाहिजे. आणि दांडीच्या जागी वायरिंगचं सॉकेट असलेला, आतली पाती सरकणारा टर्बो कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, तुमच्या गाडीत त्याला चालवणारा कॉम्प्युटरच नाही. माझं मत विचाराल तर जुनी घरं चांगली असतील तर आत कार्ट्रिज (दांडा, पंखे आणि बेअरिंगचा जोड) नवं, बॅलन्स केलेलं टाका. पैसे वाढतात, पण भंगारातलं बेअरिंग किती उपाशी राहून आलं आहे हे बाहेरून कोणालाच दिसत नाही.

आता तेल. इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या दारात घडलेली गोष्ट मला अजून विसरता आलेली नाही. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. एका टेम्पोला दुसरीकडे कुठेतरी टर्बो बसवलेला होता, मालक माझ्याकडे पंप वाढवायला आला. मी पंप वाढवून दिला. टर्बो कसा बसवलाय, तेलाची परतीची नळी कशी आहे, हे मी वाकून पाहिलं नाही. महिन्याभराने तोच टेम्पो स्लो लावायला आला. एक्सलेटर दिला तसं इंजिन वाढत गेलं आणि थांबेचना. चावी बंद केली तरी चढतच गेलं, पांढऱ्या-निळ्या धुराने सगळी गल्ली भरली. टर्बोच्या सीलमधून तेल हवेच्या पाइपात येत होतं आणि इंजिन स्वतःचंच तेल पिऊन पळत होतं. हवेच्या तोंडाशी मी लाकडी फळी दाबून धरली तेव्हा ते घुटमळून बंद पडलं. एक पिस्टन वितळला होता. त्या माणसाच्या टेम्पोवर कर्ज होतं. परतीची नळी निघाली बोटापेक्षा बारीक, आणि तिचं टोक चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) तेलाच्या पातळीखाली. मी तेव्हा दोन मिनिटं वाकलो असतो तर ते घडलं नसतं. तेव्हापासून टर्बोवाली कुठलीही गाडी आली की मी आधी खाली झोपून ती नळी बघतो, मग पंपाला हात लावतो.

म्हणून नीट ऐका. टर्बोला तेल येणारी नळी बारीक असली तरी चालते, ते दाबाने येतं. जाणारं तेल मात्र फेसासारखं होऊन, नुसत्या उताराने जातं. परतीची नळी आतून निदान पंधरा-सोळा मिलिमीटरची, जवळपास उभी, कुठे कोन न घेणारी असावी आणि चेंबरला तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली. त्यासाठी चेंबर उतरवून भोक पाडून बुश वेल्ड करावा लागतो, आळस करून चालत नाही. आणि बॅक कॉम्प्रेशनचं कारण हेच. चेंबरमध्ये दाब साठला की परतीचं तेल खाली उतरत नाही, टर्बोत तुंबतं आणि सीलमधून बाहेर पडतं. लोक टर्बो बदलत बसतात, दोष पिस्टनच्या रिंगांचा असतो.

गरम इंजिनावर, स्लोवर तेलाचा दाब निदान पाऊण बार आणि रस्त्यावर चालताना दोन बारच्या वर हवा. तो नसेल तर आधी तेलपंप आणि बेअरिंग. तेल डिझेल इंजिनाचंच, १५डब्ल्यू-४०, सीएच-४ किंवा त्यावरच्या दर्जाचं, आणि दर पाच हजार किलोमीटरला फिल्टरसह बदलायचं. बसवून झाल्यावर पहिल्यांदा सुरू करण्याआधी टर्बोच्या तेलाच्या भोकात हाताने तेल भरा, डिझेल बंद ठेवून नुसता सेल्फ मारा, दाबाचा दिवा विझला की मगच इंजिन सुरू करा. कोरडा सुरू केला तर पहिल्या मिनिटातच बेअरिंगवर ओरखडे पडतात.

बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, किती ठेवायचा? तुमच्या इंजिनाला इंटरकूलरशिवाय (दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीशिवाय) अर्धा बार, त्यापुढे नको. अर्धा बार म्हणजे दीडपट हवा असं मिस्त्री सांगतील. तसं नसतं. दाबलेली हवा तापते. आपल्या पंचेचाळीस अंशांच्या दुपारी अर्धा बार दाबलेली हवा टर्बोतून निघते तेव्हा शंभर अंशांच्या आसपास असते आणि तापून फुगलेली असल्यामुळे प्रत्यक्षात हवा सव्वापटच भरते. पण ही सव्वापट म्हणजेच तुमच्या उन्हाने आणि घाटाने हिरावलेला वाटा, आणि वर थोडं. तुम्हाला तेवढंच हवं आहे. टर्बोसाठी बनवलेल्या इंजिनात बहुतेकदा पिस्टनला खालून तेलाचा फवारा मारून गार ठेवण्याची सोय असते, तुमच्या इंजिनात ती आहे असं धरून चालू नका. हवेचा पाइप टर्बोसाठीचा, आत कापडाचे थर असलेला घ्या. रेडिएटरचा पाइप फुगून क्लिपमधून सुटतो. रेडिएटर खोलून आतून-बाहेरून साफ करून घ्या. डॅशवर बूस्टचं गेज लावा, आणि जमल्यास टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये धुराच्या तापमानाचं गेज. चढावर काटा साडेसहाशे अंशांच्या वर जाऊ लागला की पाय हलका करायचा आणि खालचा गिअर टाकायचा.

पंप? एक पूर्ण हंगाम हातच लावायचा नाही. टर्बो फक्त हवेसाठी बसवा, जास्त डिझेल ओतण्यासाठी नव्हे. आहे तेवढ्याच डिझेलला पुरेशी हवा मिळाली की काळा धूर जातो, तेच डिझेल नीट जळतं आणि गाडी घाटात एक गिअर वर राहते. उलट मिस्त्रींच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही एकदम केलं तर पिस्टन, हेडचं पॅकिंग, क्लच यातलं पहिलं काय जाईल एवढाच प्रश्न उरतो.

एक सवय बदलावी लागेल. परतवाड्याहून चढणारे सगळे घाट संपला की पहिल्या चहाच्या टपरीवर गाडी थांबवतात आणि लगेच चावी फिरवतात. त्या क्षणी टर्बो सगळ्यात तापलेला असतो, दांडा फिरतच असतो, आणि तुम्ही त्याचं तेल बंद करता. आत राहिलेलं तेल जळून कोळसा होतं आणि पुढच्या वेळी तोच कोळसा बेअरिंग खरवडतो. वर पोचल्यावर दोन-तीन मिनिटं इंजिन स्लोवर राहू द्या, मग बंद करा. गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात देत असाल तर त्यालाही हे बजावून सांगा.

कागदांचं बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. तुमची गाडी भाड्याची, दरवर्षी फिटनेसला उभी राहते. अपघात झाला तर विमावालेही बदल शोधतात. काम करण्याआधी आरटीओत लेखी अर्ज देऊन विचारा, उत्तराचा कागद जपून ठेवा, आणि नाही म्हणाले तर टर्बोचा नाद सोडून नोझल-पंपावरच गाडी उत्तम करून घ्या. तुमच्या काळातल्या डिझेल गाडीला पीयूसीची धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आहे. चांगल्या नोझलवर, न छेडलेल्या पंपावर ती टर्बोशिवायही पाळता येते.

डिझेल वाचेल का? धुरात जात होतं तेवढं वाचेल. भरल्या गाडीला घाटात फरक दिसेल, रिकाम्या गाडीला सपाटीवर फारसा नाही. टर्बोचे पैसे डिझेलच्या बचतीतून निघतील असा हिशेब मांडून बसवू नका.

मी तुमच्या जागी असतो तर या मृगाच्या संत्र्याआधी नोझल, टायमिंग, फिल्टर, कॉम्प्रेशन एवढं करून मेमध्ये एक भरलेली खेप घाटात नेऊन बघितली असती. त्यावर भागलं नाही तर टर्बो.

प्रश्न : माझ्या मुलाची पिकअप कंपनीतूनच टर्बोवाली आहे. महिन्याभरापासून शिट्टीचा आवाज वाढला आहे, ओढही कमी झाली. गॅरेजवाला टर्बोच बदला म्हणतो. एवढे पैसे नाहीत.
*एक आई, वणी, जि. यवतमाळ*

उत्तर : ताई, आधी टर्बो काढू देऊ नका. शिट्टी वाढली आणि ओढ कमी झाली की बहुतेकदा टर्बोपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइप कुठेतरी फाटलेला किंवा क्लिप सैल झालेली असते आणि दाबलेली हवा तिथून निसटते. मुलाला सांगा, गार इंजिनावर सगळे पाइप हाताने वाकवून खालच्या बाजूने बघ, तेलकट काळा डाग जिथे असेल तिथेच चीर असते. सोबत एअर फिल्टर काढून बघा, वणीकडे कोळशाच्या धुळीने तो लवकर भरतो. हे दोन्ही ठीक असूनही घरघर येत असेल, किंवा सायलेन्सरमधून निळा धूर येऊन तेल कमी होत असेल, तर मात्र गाडी चालवू नका. पाइप काढून दांड्याचा प्ले तुमच्या समोर दाखवायला सांगा. पंखा घराला घासल्याच्या खुणा दिसल्या तर गॅरेजवाल्याचं बरोबर आहे, आणि तेव्हाही पूर्ण टर्बोऐवजी कार्ट्रिज बदलून भागतं का, हे आधी विचारा.